गिऱ्हाइकाचा अंगठा

वांग्यावरची फवारणी शेतात ठरत नाही, मंडईच्या ओट्यावर ठरते, असं आमचे आबा म्हणायचे. ऐकणारा नवखा असला की भेसळीची, रंग लावण्याची काही गोष्ट निघणार म्हणून कान टवकारायचा. आबांना सांगायचं असे ते वेगळंच. गिऱ्हाईक वांगं उचलतं, देठाला धरून गोल फिरवतं, अंगठ्यानं दाबतं आणि सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं की परत पाटीत टाकतं. त्या दिवशीचा भाव रात्री मळ्यात कळतो आणि दुसऱ्या दिवशी पंपाची टाकी भरली जाते. "डोस किती हे शेतकी खातं सांगत नाही, सदाशिव पेठेतली बाई सांगते," हे त्यांचं पुढचं वाक्य. आमची आत्या मंडईत ओट्यावर बसायची आणि तिची निम्मी गिऱ्हाइकं सदाशिव पेठेतलीच होती, त्यामुळे हे वाक्य तिच्यासमोर जरा दबक्या आवाजात यायचं.

आबांच्या गोष्टींत साल नसे. काळाचे दोनच भाग: पानशेतच्या आधी आणि पानशेतनंतर. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि जुनं पुणं वाहून गेलं, तेव्हापासून आमच्या घरातली लग्नं, बाळंतपणं, विहिरी, बैल सगळं या एका तारखेला टांगलेलं. रोगकिडीचा इतिहासही त्याच खुंटीला. मी पुढे वाचायला लागल्यावर आबांच्या गोष्टी आणि छापील कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. कधी आबा चुकले होते, कधी कागदात न आलेलं त्यांनी नेमकं पाहिलेलं होतं.

मळा मांजरीचा. खडकवासल्याचं पाणी मुठा कालव्यानं हडपसर-मांजरीकडे वळलं तेव्हापासून ती सगळी पट्टी पुण्याची भाजी पिकवत आली. त्याच मांजरीत जोतीराव फुल्यांची शेती होती, आणि ही गोष्ट आबा नातेवाइकाबद्दल बोलावं तशी सांगत. पुणे नगरपालिकेत सभासद असताना फुल्यांनी मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करायला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला लावा असं त्यांचं म्हणणं. इमारत उभी राहिलीच. तोपर्यंत शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात भरणारा भाजीबाजार १८८६ मध्ये दगडी कमानींखाली आला, नाव मिळालं गव्हर्नर लॉर्ड रे यांचं, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तेही बदलून फुल्यांचं झालं. ज्यांनी खर्चाला नको म्हटलं त्यांचंच नाव इमारतीला. आबांना याची फार मौज वाटे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाच्या नावाच्या मंडईत शेतकऱ्याचा माल अंगठ्यानं नापास होतो, असं ते पुढे जोडत.

पानशेतच्या आधी किडीचं काय करत होतात, असं विचारलं की पहिलं उत्तर राखेचं. चवळी-घेवड्यावर मावा पडला की पहाटे, पानावर दव असताना चुलीची राख उधळायची; ऊन चढल्यावर उधळलेली राख नुसतीच खाली पडते. दुसरं उत्तर पोरांचं. वांग्याच्या झाडाचा एखादा शेंडा भर सकाळी मान टाकून बसलेला दिसला की आत अळी आहे हे पोरानं ओळखायचं, तो शेंडा नखानं खुडायचा आणि रॉकेल-पाण्याच्या डब्यात टाकायचा. डबा भरला की गुळाचा खडा. तिसरं उत्तर उन्हाळी नांगरटीचं: ढेकळं उलटली की कोश वर येतात, उन्हानं करपतात, आणि नांगरामागून चालणाऱ्या बगळ्या-साळुंक्या उरलेलं साफ करतात. ही साळुंकी थोडी मोठ्या कुळातली आहे बरं का. १७६२ मध्ये टोळांच्या बंदोबस्तासाठी ती भारतातून मॉरिशसला नेली होती. एका देशातून दुसऱ्या देशात कीड खाणारा जीव मुद्दाम नेऊन सोडल्याचं हे फार जुनं उदाहरण, आणि आमच्या नांगरामागे तीच बया फुकट राबत होती.

यावरून जुना काळ निर्मळ होता असं कुणी म्हणू लागलं तर आबा त्याला तिथेच थांबवत. पावसाळ्यात वांग्याच्या एका तोड्यातला बराच माल अळीच्या नावानं जायचा. द्राक्षवाले मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारायचे, ते तर फ्रान्समधल्या १८८५ च्या सुमाराच्या शोधाचं फळ. जगभरच्या फळबागांवर तेव्हा शिशाचं आर्सेनेट पडत होतं. म्हणजे विष होतंच. आमच्यासारख्या भाजीवाल्यांना ते परवडत नव्हतं एवढंच. आत्याची आठवण आणखी एक बाजू दाखवते. तिच्या लहानपणी किडकी वांगी वाट्यावर विकली जात. बायका वाटा उचलत, विळीवर भोकाचा भाग उडवत आणि उरलेल्याचं भरीत करत. कुणी तक्रार करत नसे, कारण बिनभोकाचं वांगं कसं दिसतं हे कुणी पाहिलेलंच नव्हतं.

आबांची सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र निवडुंगाची. ते आठ-दहा वर्षांचे असताना मळ्याच्या बांधावर, ओढ्याकाठी, गावठाणाच्या कडेनं फड्या निवडुंगाच्या पुरुषभर उंच जाळ्या होत्या. गुरं अडकायची, साप राहायचे, जमीन गिळली जायची. पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबा आहे, तुकोबांच्या पालखीचा मुक्काम तिथे असतो. निवडुंगात सापडलेला देव म्हणून निवडुंग्या, अशी कथा. देवही ज्यात हरवावा एवढी ती जाळी. आणि मग दोन-चार वर्षांत ती गेली. फड्यांवर कापसासारखे पांढरे ठिपके आले, फडी पिवळी पडली, मऊ झाली, गळून कुजली. तो पांढरा ठिपका बोटानं चिरडला की लालभडक रंग निघायचा. आबा आणि त्यांचे सवंगडी त्यानं हात रंगवून घरी आले आणि आईनं रक्त समजून हंबरडा फोडला. "सरकारनं विमानातून किडा टाकला," हे आबांचं ठाम मत. आकाशातून टाकलेला किडा त्यांनी पाहिला नव्हता, पण ऐकलं होतं.

छापील इतिहासात विमान नाही. पण जे आहे ते काही कमी नवलाचं नाही. किरमिजी रंगाचा व्यापार करावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ च्या सुमाराला, ब्राझीलमधून एक कीटक बंगालात आणला गेला. रंगाच्या किड्याऐवजी त्याचा चुलतभाऊच आला. रंग काही धड निघेना, पण निवडुंगाची एक जात त्यानं खाऊन संपवली. दुसऱ्या, जास्त त्रासदायक जातीला तो तोंड लावेना. तिच्यासाठी आणखी एक भाऊबंद शोधला गेला आणि १९२६ मध्ये श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणून सोडला गेला. पद्धत अगदी साधी होती: कीड लागलेल्या फड्या तोडायच्या, वाहून न्यायच्या आणि निरोगी जाळीत टाकायच्या. बाकीचं काम किडा करतो. मैलोन् मैल रान काही वर्षांत मोकळं झालं, विषाचा थेंब न वापरता. या किड्याला निवडुंगाखेरीज काही पचत नाही, म्हणून रान संपलं तसा तोही ओसरला. पिकाकडे वळला नाही. निवडुंग आपल्याकडे परका, अमेरिकेतून आलेला, त्याचा शत्रू मागेच राहिला होता आणि म्हणून तो माजला, ही त्यामागची खरी मेख. आबांना ती सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे व्याह्याला आणला पण विहिणीला नाही." विमान मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

मग पानशेतच्या आगेमागे डबे आले. डीडीटीचे कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये ओळखले, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मांजरीत ही वार्ता गॅमेक्सिनच्या भुकटीच्या रूपानं पोचली. पातळ फडक्याची पुरचुंडी करायची, काठीला बांधायची आणि ओळीतून चालत झटकायची. नाकाला रुमाल लावायचा तो वासासाठी, विषासाठी नव्हे. मागोमाग फॉलिडॉल, एंड्रिन. पाठीवरचा पंप आला त्या वर्षी आबांनी त्याला हार घातला होता. आत्याच्या ओट्यावरची वांगी पहिल्यांदा आरशासारखी लखलखली, आणि गिऱ्हाइकानं दोन पैसे जास्त दिले. या आनंदाला मी आज नावं ठेवणार नाही. ज्यानं अर्धा तोडा अळीला दिलेला असतो त्याला त्या चकचकीत पाटीचं मोल कळतं.

ती चकाकी मग नेहमीची झाली आणि अडचण तिथून सुरू झाली. पहिल्या वर्षी दोन फवाऱ्यांत भागलं, पुढे चार लागले, पुढे आठवड्याला एक. अळी मरत होती, पण अळीची अंडी खाणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या, ढालकिडे, कोळी हे आधी मरत होते. अळ्यांमधली जी एखादी चिवट निघे तिचीच पोरंबाळं पुढच्या हंगामात शेंड्यात शिरत. त्यात वांगं, भेंडी, काकडी ही चार-पाच दिवसांनी तोडायची पिकं. डब्यावर लिहिलेलं असतं, फवारल्यावर इतके दिवस काढणी करू नये. ते दिवस मोजत बसलं तर वांगं झाडावरच जून होतं. म्हणून संध्याकाळी फवारा, पहाटे तोडा, उजाडायच्या आत मंडई. हे मी आरोप म्हणून लिहीत नाही. आबांनी स्वतः सांगितलेलं आहे. आणि त्याच दमात सांगितलेलं दुसरं असं की विहिरीलगतचा एक वाफा घरासाठी वेगळा असे. त्याला पंप लागत नसे. त्या वाफ्यातलं किडकं वांगं आम्ही घरी खायचो, आणि बिनकिडीचं पुण्याला जायचं.

विषाचा हिशेब दुसरीकडे चुकता होतच होता. १९५८ मध्ये केरळात जहाजातून येताना पॅराथिऑन सांडलेलं पीठ-साखर खाऊन शंभरावर माणसं गेली. त्या चौकशीतून दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा आला. शेतीतलं डीडीटी १९८९ मध्ये, एंड्रिन १९९० मध्ये, बीएचसी १९९७ मध्ये बंद झालं, भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस मारायला २००५ मध्ये मनाई झाली, एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं. प्रत्येक वेळी जुना डबा गेला आणि त्या जागी नवा आला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं दगावले, तेव्हा डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत उघड्या अंगानं पंप मारणाऱ्यांची छायाचित्रं राज्यानं पाहिली. नाकाला रुमाल बांधलेला होता. तोही वासासाठीच.

दुसरी वाट निघाली ती कॅलिफोर्नियात. १९५९ मध्ये स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चौघा कीटकशास्त्रज्ञांनी मांडलं की कीड दिसली म्हणून फवारायचं नाही. तिनं होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाच्या वर जाईल अशी वेळ येते आहे का, हे आधी मोजायचं. मोजायचं म्हणजे शेतात हिंडून झाडं तपासायची. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. मादीचा वास असलेली वडी आत, नर पतंग फसून येतो. सलग तीन दिवस दर सापळ्यात आठ-दहा पतंग सापडले तर हालचाल करायची, त्याआधी हात बांधून बसायचं. माझ्या मते या शास्त्रातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. अळी समोर दिसते आहे, पंप भरलेला आहे, शेजारी मारतो आहे, आणि आपण काही करायचं नाही. इंडोनेशियात १९८६ मध्ये सरकारनं भातावरची ५७ कीटकनाशकं एका आदेशानं बंद केली, कारण फवारणीनं कोळी मरून तपकिरी तुडतुडेच वाढत होते. शेतकऱ्यांना बांधावरच्या शाळेत बसवून किडी ओळखायला शिकवलं, फवारणीवरचं अनुदान काढून घेतलं, आणि भात काही कमी झाला नाही.

आमच्याकडे हे समोर दिसलं ते उसावर. २००२ मध्ये सांगलीकडून लोकरी मावा आला. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, वर काजळीचा थर, बघता बघता जिल्हेच्या जिल्हे. एवढ्या उंच, दाट उसात फवारायला शिरणार कोण आणि किती? मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आमच्या जुन्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथे आणि कृषी विद्यापीठांत डिफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे कीटक वाढवले जाऊ लागले. डिफाच्या अळ्या असलेली पानं कापून दुसऱ्या फडातल्या उसाला बांधायची, ही युक्ती. आबा तेव्हा ऐंशीच्या पुढचे. मी त्यांना ते सांगितल्यावर ते एकदम उठून बसले. "फड्या वाहायचो तसंच की रे हे!" फड्या त्यांनी स्वतः वाहिल्या होत्या, हे तोवर कधी बोललेच नव्हते; विमानाच्या गोष्टीत ते बसत नसावं. पुढच्या हंगामांत लोकरी मावा आटोक्यात आला.

शहरातल्या बागांनाही हा अनुभव आला. २०१० च्या आसपास पुण्यात पपईवर, जास्वंदीच्या कुंपणांवर पिठ्या ढेकणाची पांढरी साय चढली. तो मेक्सिकोकडचा, कोइमतूरला २००८ मध्ये पहिल्यांदा दिसलेला. बंगळुरूच्या कीटकांवरच्या राष्ट्रीय संस्थेनं प्युर्तो रिकोहून त्याच्यावर जगणारी एक सूक्ष्म गांधीलमाशी आणून सोडली आणि पपई वाचली. तरीही गच्चीवर कुंड्या लावणारी हौशी माणसं मावा दिसला की बाटली घेऊनच धावतात, आणि त्याच पानावर बसलेली काळी, काटेरी, बारकी मगर दिसली की तिला आधी मारतात. ती ढालकिड्याची अळी असते, आणि मावा खायलाच आलेली असते. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायची, गाळून साबणाच्या पाण्यासह शंभर लिटर करायची, हा पाच टक्के अर्क कुणालाही घरी करता येतो. कुंडीसाठी त्याचं प्रमाण उतरवायला शाळेतलं त्रैराशिक पुरतं.

आता एक गोष्ट मला खरोखर खुपते. मांजरीतच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले, निर्यात अडली, आणि त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी बागांची नोंदणी, नमुने, प्रयोगशाळा असा काटेकोर बंदोबस्त उभा राहिला. बागायतदार शिकले, तारखा लिहू लागले, काढणीआधीचे दिवस पाळू लागले. करता येतं, हे सिद्ध झालं. पण रॉटरडॅमला जाणाऱ्या पेटीला प्रयोगशाळा आणि मंडईतल्या पाटीला नुसता अंगठा. अंगठ्याला भोक कळतं. आत भिनलेलं विष कळत नाही, आणि मिठाच्या पाण्यात घोळवून ते सगळं निघतही नाही. जनुकबदल केलेल्या बीटी वांग्यावरून २०१० मध्ये केवढं रण माजलं! जालन्याच्या महिकोचं ते बियाणं. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारीला ते स्थगित केलं. बाजू कुठलीही घ्या, त्या सुनावण्यांच्या दिवसांत मंडईत येणाऱ्या बिनबीटी वांग्यावर आठवड्याला किती वेळा पंप फिरतो, हा प्रश्न त्या मानानं फारच कमी लोकांनी विचारला.

मांजरीच्या मळ्यावर आता इमारती आहेत. आत्या थकली, ओटा भाच्याकडे गेला. आतेभाऊ पुरंदरला वांगी करतो. एकरी ठरावीक कामगंध सापळे, बांधाला मका आणि झेंडू, अंडी खाणाऱ्या ट्रायकोग्रामा गांधीलमाश्यांची कार्डं, आणि दर आठवड्याला शेंडे खुडणं. गुळाच्या खड्याऐवजी आता मजुरी द्यावी लागते, आणि खुडायला माणूस मिळणं हाच त्याचा सगळ्यात मोठा खर्च. फवारणी त्यानं बंद केलेली नाही, निम्म्याच्याही खाली आणली आहे. भाव त्याला वेगळा मिळत नाही. टिचभर भोकाची वांगी तो निराळी काढून खानावळवाल्यांना देतो, ते कापून वापरतात आणि कुरकुरत नाहीत. त्याची अडचण दुसरीच आहे: सापळा त्याच्या रानात, पण पतंग बांध ओळखत नाही. शेजारच्या वांग्यात शेंडे खुडले नाहीत, जुनी झाडं उपटून जाळली नाहीत, तर सगळी मेहनत पाण्यात. शेजारी म्हणतो, तुझ्या सापळ्याच्या वासानं माझ्याकडे जास्त पतंग येतात. भावानं त्याला तीन सापळे स्वतःच्या पैशानं नेऊन दिले. ते अजून त्याच्या गोठ्यात टांगलेले आहेत, आणि रविवारी भाऊ पुन्हा जाणार आहे.